टाकळी खारीच्या पोटातली ऊब

पडद्यावरचा आकडा मृणालनं तीनदा वाचला. तिन्ही वेळा तो अठ्ठ्याहत्तरच निघाला.

बोअर तीन किलोमीटर खोल होती. तिच्या तळाशी एकशे तीस अंशांच्या आसपास तापमान मिळेल, असं मृणालनं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि त्या सांगण्यावर हे तालुक्यातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच यंत्र, ही परगावची माणसं आणि कुंपणापलीकडचं तिचं स्वतःचं गाव असं सगळं ताटकळत उभं होतं. शंभराच्या आत आकडा आला तर सगळा खटाटोप पाण्यात, असं आधीच ठरलेलं. आणि हा तर शंभराच्या आसपासही फिरकला नव्हता.

"तापमापक बिघडला असेल," ती म्हणाली.

"दोन सोडले होते मॅडम," हर्षल बागडे म्हणाला. बोअर खोदणाऱ्या पथकाचा तो प्रमुख. नागपूरचा, आणि नागपूरचा असूनही कमी बोलणारा. "दोघंही तेच सांगताहेत."

"खोदताना चिखलपाणी फिरवलं, त्यानं थंड पडली असेल."

"ते धरूनच चाललो होतो आपण. चिखल काढला, साधं पाणी भरलं आणि पोळ्याच्या सुट्टीत चार दिवस तिला निवांत झोपू दिलं. एवढ्यात ऊब परतायला हवी होती." त्यानं खांदे पाडले. "नाही परतली."

कुंपणाशी सरपंच सिंधूकाकू ढोरे उभ्या होत्या. त्यांच्या मागे बरीच मंडळी. कोणी हाक मारली नाही, कोणी घाई केली नाही. मृणाल बाहेर आली तेव्हा काकूंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना काय समजायचं ते समजलं.

"कमी हाय का वं?"

"हाओ काकू. लय कमी हाय."

काकूंनी मागे वळून पाहिलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "बरं. जाय घरी, जेव जाऊन. तुहा बाप वाट पाहून राह्यला." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मृणालला वाटलं.

*

अकोला जिल्ह्यात टाकळ्या पुष्कळ. म्हणून या टाकळीच्या नावापुढे लोकांनी 'खारी' लावलं, आणि तसं लावण्यात कोणाची चूकही नव्हती. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा सगळा खारपाणपट्टा. कुठेही खणा, पाणी लागतं आणि तोंडात धरवत नाही. त्या पाण्यानं कपड्यांना साबण लागत नाही, केस काड्यांसारखे होतात, आणि तुरीची डाळ तर तासन्‌तास रटरटूनही शिजत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी पिऊन माणसांची मूत्रपिंडं जातात. मृणालची आई त्यातच गेली. गोडं पाणी आठवड्याला एकदा टँकरनं येतं, ते स्वयंपाकाला आणि प्यायला. या गावात मुलगी द्यायला लोक कचरतात, आणि दिलीच तर आधी विचारतात, तुमच्याकडे पिंपं किती आहेत.

मृणालचे वडील दिगंबर म्हैसने आचारी. लग्न असो की तेरवी, पंचक्रोशीतल्या पंगती त्यांच्याच हातच्या. कोणी सुपारी घेऊन आलं की माणसं किती हे ते नंतर विचारत, पाणी कोणतं हे आधी. गोडं पाणी नसेल तर वरणाला हातच लावत नसत. "कच्ची डाळ वाढण्यापेक्षा उपाशी धाडलेलं बरं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता सरकारनं अख्खं गाव उचलून सातपुड्याच्या पायथ्याला वसवायचं ठरवलं होतं. तिथं गोडं पाणी होतं, पक्की घरं मिळणार होती. आजूबाजूची तीन गावं निघूनही गेली. टाकळी खारीनं मात्र दोन वर्षं मुदत मागून घेतली ती दिगंबर आचाऱ्याच्या शब्दावर. आणि दिगंबर आचाऱ्यानं तो शब्द दिला होता लेकीच्या भरवशावर. ती मुदत येत्या गुरुवारी संपत होती. गुरुवारी ग्रामसभा, होकार की नकार, आणि शुक्रवारी यंत्र उचलून पुढच्या कामावर. आज मंगळवार होता.

मृणाल भूशास्त्रज्ञ. पुण्यातल्या ज्या चमूनं 'उलगडा' बनवला, त्यातली ती एक. उलगडा म्हणजे संगणकावर चालणारी एक गणिती रचना, पण ती करते ते काम जरा अजब आहे. जमिनीचा इतिहास ती उलट्या बाजूनं चालवून दाखवते. दगडाच्या काही दाण्यांमध्ये किरणोत्सारामुळे बारीक ओरखडे पडत असतात. दाणा तापला की ओरखडे बुजतात, निवला की टिकतात. कोणता दाणा कधी तापला आणि कधी निवला, हे त्यावरून कळतं. अशा हजारो दाण्यांची साक्ष आणि भूगर्भातल्या अगदी हलक्या हादऱ्यांची नोंद एकत्र केली की उलगडा आजपासून मागे मागे जात खोऱ्याची सगळी कुळकथा सांगू लागतो.

पूर्णेच्या खोऱ्याची कथा त्यानं सांगितली ती अशी. वीसेक कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन दोन्हीकडून ताणली गेली. ताणली म्हणून पातळ झाली, पातळ झाली म्हणून खचली, आणि खचलेल्या भागात नद्यांनी वाळू आणून ओतली. पुढे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि त्यानं सगळ्यावर झाकण घातलं. त्यानंतर आपला भूखंड उत्तरेला आशियावर जाऊन आदळला. मग जी जमीन ताणली जात होती तीच आता दाबली जाऊ लागली. जुन्या भेगा पुन्हा हलल्या. उत्तरेकडची बाजू वर उचलली गेली, तो सातपुडा. दक्षिणेची खाली बसली, ते हे खोरं. ते बसत गेलं आणि चिकणमातीनं भरत गेलं.

जमिनीखालची उष्णता सगळीकडेच वर येत असते. प्रश्न असतो ती टिकते कुठे हा. ताण पडून फार काळ लोटला की त्या वेळची ऊब विरून जाते. दाब फार पडला की भेगा मिटतात, आणि भेगाच मिटल्या तर खालचं गरम पाणी वर आणायला वाट उरत नाही. उलगड्याच्या मते टाकळी खारीच्या खाली तीन गोष्टी जमून आल्या होत्या. वरचा चिकणमातीचा जाड थर ऊब धरून होता. त्याखाली वाळूच्या खडकात पाणी होतं. आणि दाब तिरपा पडल्यामुळे एक जुनी भेग मिटण्याऐवजी सरकून किंचित उघडी राहिली होती.

बोअरची जागा ठरवणाऱ्या समितीतल्या ज्येष्ठांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, बोअर डोंगराच्या पायथ्याशी मारा, तिकडे सालबर्डीला गरम पाण्याचा झराच आहे. मृणाल म्हणाली होती, "झरा दिसतो तिथं ऊब गळते आहे. आपल्याला साठलेली हवी." बराच वाद झाला आणि शेवटी तिचं म्हणणं मान्य झालं.

तिनं हे सगळं बाबांना समजावलं होतं, त्यांच्याच भाषेत. गोधडी पांघरली की अंग का उबतं, तसंच. शिवाय ज्या खोलगटपणामुळे इथल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि ते खारट होत गेलं, त्याच खोलगटपणानं ऊबही धरून ठेवली आहे. ती ऊब वर आणायची, तिच्यावर इथलंच खारं पाणी तापवायचं, वाफ करायची आणि वाफेचं पुन्हा पाणी करायचं. ते गोडं. वर उरल्या उष्णतेवर वीज.

"म्हणजे खालच्या चुलीवर वरचं पाणी," बाबा म्हणाले होते.

"तसंच."

"अन् चूल हाय का पण खाली?"

"बहुतेक हाय, बाबा." उलगडा दहात सात म्हणत होता. सात म्हणजे पुष्कळ, पण सात म्हणजे दहा नव्हे, हेही तिनं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून गावाला सांगितलं, "माही मिनू म्हणते, पक्कं हाय." मृणालला हे कळलं तेव्हा ती पुण्यात होती. फोन करून दुरुस्त करावं असं तिला वाटलं, पण बापाच्या आवाजातला आनंद ऐकून तिची जीभ रेटली नाही. त्या एका 'पक्कं'चं ओझं ती दोन वर्षं वागवत होती.

*

घरी बाबा ताटं मांडून बसले होते. पोळ्याची उरलेली करंजी, ठेचा, भाकरी आणि वरण.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं खरं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"अठ्ठ्याहत्तर. शंभराच्या वर पाह्यजे होतं."

बाबांनी मान हलवली. भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मंग आता?"

"उद्या बोअर खंदणाऱ्या कंपनीले कळवा लागते. गुरुवारी तुमी सभेत सांगा, का पोरीचं चुकलं. तुमचं नाई चुकलं, माहं चुकलं."

"तुहं काऊन?"

"जमीन मी वाचली ना बाबा. भेग मिटली असंल, नाई तर ऊब कधीचीच उडून गेली असंल. मले उलटं दिसलं." तिला मशीन जाण्याचं, नाव जाण्याचं काही वाटत नव्हतं. पायथ्याच्या त्या नव्या वसाहतीत, एकसारख्या घरांच्या रांगेत, हा माणूस कुणाच्याही पंगतीचं बोलावणं नसताना दारात बसून राहील, आणि येणारे जाणारे म्हणतील की यानंच आपली दोन वर्षं घालवली, हे तिच्या डोळ्यांसमोर येत होतं. ते तिला सहन होत नव्हतं.

"जेव तं आधी," बाबा म्हणाले.

तिनं वरणात भाकरी बुडवली, घास तोंडात घातला आणि चावताना थांबली. डाळ कच्ची होती. नुसती कच्ची नव्हे, दाताखाली करकरत होती. अख्ख्या पट्ट्यात ज्याच्या वरणाचं नाव निघतं त्या दिगंबर आचाऱ्याच्या घरात कच्ची डाळ.

"बाबा, खाऱ्या पाण्यात शिजवली का?"

"हं."

"गोडं कुठी गेलं?"

"संपलं."

"सरत्या आठवड्यात टँकर आला ना? तुमी तं एकटे हा घरात. दोन पिंपं एकट्यानं संपवले?"

बाबांनी ठेचा तिच्याकडे सरकवला.

"बरं, सिंधूकाकूकडून कळशी आणतो मी."

"तिच्याकडं बी नाई."

"पंजाबकाकाकडं?"

"नको हिंडू पोरी. कोणाकडंच नाई."

मृणालनं हात ताटातून बाजूला घेतला. अख्ख्या गावात गोडं पाणी नाही, आणि टँकर येऊन आठवडाही झालेला नाही. इथे लोक गोडं पाणी देवाच्या तीर्थासारखं वापरतात. भांडं विसळलेलं पाणीसुद्धा झाडाला जातं.

"बाबा, पाणी कुठी गेलं?"

ते उठले, दारात जाऊन उभे राहिले, परत आले आणि खाली बसले. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"तू हासशील."

"नाई हासत."

"आपल्याकडं नवी विहीर खंदली का तिले गोडं दाखवतात, ठाऊक हाय ना तुले. घरटी एक लोटा. म्हणजे विहीर गोडं शिकते." त्यांनी ताट बाजूला सारलं. "इतकी मोठी बोअर झाली अन् तिले कोणी गोडं दाखवलं नाई, हे लोकायले बरं नाई वाटलं. पोळ्याच्या दिवशी साह्येब लोक सुट्टीवर गेले. आमी गेलो लोटे घेऊन. पयला लोटा मीच टाकला."

मृणालला क्षणभर हसू आणि रडू दोन्ही आलं. "घरटी एक लोटा टाकल्यानं काई होत नाई बाबा. तीन किलोमीटरची बोअर हाय ते."

"एक एकच टाकला असता. पण ते भरेच ना."

"म्हणजे?"

"पाणी वरतं दिसेच ना. पंजाब राखणीवर होता, त्याले साह्येबानंच सांगून ठेवलं होतं का पातळी उतरली तं पाणी टाकत जाजो. त्यानं पाह्यलं, तं पाणी उतरूनच राह्यलं. मंग कळशा आणल्या. मंग पिंपं आणले. तरी पेतच होती. आता पाहुणा पानावर बसला अन् पुरे म्हणत नाई, तं वाढणं थांबवते का कोणी? उपाशी उठला तं कायची बरकत." आचारी असल्यामुळे त्यांना हे बोलताना जरा जोर आला. "मंग दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या उरल्यासुरल्या गावायले निरोप धाडला. त्यायनं त्यायचे टँकर आणले. तीन दिवस वाढलं पोरी. गावंच्या गावं कच्ची डाळ खाऊन राह्यले."

"अन् मले कोणी सांगतलं काऊन नाई?"

"मीच नको म्हटलं. म्हटलं, साह्येब लोक म्हणतील, हिचा बाप असा अडाणी. तुही मान खाली जाईल."

मृणाल उठून उभी राहिली. तिच्या डोक्यात एक प्रश्न लखकन उभा राहिला होता, आणि तो विचारायची तिला भीती वाटत होती.

"बाबा, नीट आठवून सांगा. इतकं पाणी टाकलं, तं शेवटी भरून वरतं आलं का? तोंडाशी आलं का?"

"कायचं येते," बाबा खिन्नपणे म्हणाले. "गटागटा पेली सगळं. साह्येब येणार म्हणून आमीच थांबलो. तिचं पोट काई भरलं नाई."

*

भर उन्हात ती चपला हातात घेऊन धावली, कारण चिकणमातीतून चपलांनिशी धावता येत नाही. बाबा मागून येत होते. धावपळ पाहून सिंधूकाकू निघाल्या, आणि काकू निघाल्या म्हणून निम्मं गाव निघालं.

हर्षल सामानाची बांधाबांध करायला सांगत होता. मृणालनं धापा टाकत सगळं सांगितलं. हर्षलनं राखणदार पंजाबकाकांना बोलावलं. पंजाबकाका आले ते टोपी हातात घेऊनच.

"पाणी टाकलं का बोअरमध्ये?"

"तुमीच सांगतलं होतं साह्येब, पातळी उतरली तं टाकत जाजो."

"अहो, बादलीभर म्हणालो होतो मी."

"तुमी बादली नाई म्हटलं," पंजाबकाका म्हणाले. "उतरली तं टाक म्हटलं. ते उतरूनच राह्यली होती."

हर्षल मटकन खुर्चीवर बसला. कपाळाला हात लावला, आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मृणालनं आधी कधी पाहिलं नव्हतं. तो हसत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या लक्षात येतंय का?"

"म्हणून तर धावत आले."

काकू पुढे झाल्या. "आमच्या बी लक्षात येऊ द्या ना. गुन्हा झाला का काई आमच्या हातून?"

मृणालनं कुंपणाला टेकून श्वास घेतला. मग तिनं गावाला समजावलं, जसं बापाला समजावलं होतं तसं. बोअर थंड निघाली याला कारण सरळ होतं. तीन दिवस तिच्यात थंड पाणी ओतत राहिलं तर दुसरं काय होणार. उकळत्या भातात गार पाणी ओतायचं आणि बोट घालून म्हणायचं की चूल विझली, तशातली गत. ऊब पळाली नव्हती, दबली होती. ओतणं थांबलं की ती आपोआप परत चढेल. पण खरी गोष्ट ही नव्हती. खरी गोष्ट होती पाणी कुठं गेलं ही.

"ऊब हाय का नाई, हे माही एक धास्ती होती," ती म्हणाली. "त्याच्याहून मोठी धास्ती भेगेची होती. भेग मिटलेली असती, तं खाली कितीही ऊन राहो, त्याचा उपेग नव्हता. बोअर बाटलीसारखी राह्यली असती. बाटलीत पाणी टाकलं तं ते तोंडाशी येते. तुमी इतके टँकर टाकले अन् एक थेंब वरतं नाई आला. खोदताना घट्ट चिखलानं भेगा लिंपून जातात, म्हणून तवा आमाले हे कळलं नाई. पाणी कुठी गेलं? त्या भेगेतच गेलं. भेग उघडी हाय काकू. जशी वाटली होती तशीच उघडी हाय."

"हीच चाचणी आम्ही पुढच्या महिन्यात करणार होतो," हर्षल म्हणाला. "परवानग्या काढून, पंप आणून. तुम्ही सणासुदीला लोट्यानं करून टाकली."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बाबा मात्र हसले नाहीत. ते यंत्राच्या पायाशी जाऊन उभे राहिले होते. मृणाल जवळ गेली तेव्हा हळूच म्हणाले, "म्हणजे पोट बिघडवलं नाई ना आमी तिचं?"

"नाई बाबा."

"मी रातभर हेच म्हणत होतो. का आपणच वाढून वाढून मारलं तिले."

तिनं त्यांचा हात धरला. तो हात दोन दिवस कोणाजवळ न बोललेल्या काळजीनं गार पडला होता, आणि ती स्वतःसुद्धा सकाळपासून तशीच गार होती. एकाच घरात बसून दोघांनाही आपल्याच हातून सगळं बिघडलं अशी भीती होती. आता ती गेली, आणि त्या जागी इतकं हलकं वाटू लागलं की मृणालला तिथंच चिखलात बसावंसं वाटलं. ती बसलीही.

संध्याकाळी तापमापक पुन्हा सोडला. एक्क्याऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाऐंशी झाले. आकडा चढत होता, आणि चढायची एक चाल असते. त्या चालीवरून तो शेवटी कुठं जाऊन टेकेल हे काढता येतं. मृणालनं काढलं, हर्षलनं वेगळं काढलं, पुण्याच्या चमूनं तिसऱ्यांदा काढलं. तिघांचीही रेघ एकशे तीसच्या आसपास जाऊन थांबत होती. कंपनीनं यंत्र हलवण्याचा निर्णय महिनाभर लांबणीवर टाकला.

गुरुवारी ग्रामसभेत गाव हलवायला आलेल्या अधिकाऱ्यांनी होकार की नकार असं विचारलं, तेव्हा तापमान सत्त्याण्णव झालं होतं. अजून शंभराला तीन कमी. सिंधूकाकूंनी दिगंबर आचाऱ्याकडे पाहिलं. दिगंबर आचाऱ्यानं मृणालकडे पाहिलं. ती काही बोलण्याआधीच मागून कोणीतरी म्हणालं, "थांबू ना बावा. कच्ची डाळ खाऊन थांबलो, आता कायले उठाचं पानावरून." अधिकारी काही समजले नाहीत, पण गावानं नकार दिला हे त्यांना समजलं. शंभरी त्याच दिवशी सभा उठता उठता पार झाली, आणि ती बातमी पंजाबकाकांनी सायकलवरून आणली. फोन असताना ते सायकलवर का आले हे त्यांना कोणी विचारलं नाही.

*

पुढच्या पोळ्यापर्यंत टाकळी खारीत चार नळ बसले. खालच्या चुलीवर वरचं पाणी तापत होतं. पहिल्या दिवशी बाबांनी पंगत घातली आणि वरण असं शिजवलं की डाळीचा दाणा शोधून सापडू नये. लोक जेवताना बोलत नव्हते. मृणालनं तीन वेळा वाढून घेतलं. आईला हे वरण मिळायला हवं होतं, असं बाबा एकदाच म्हणाले आणि मग वाढायला उठले.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीला दुसरी बोअर पूर्ण झाली, पूर्णेच्या पलीकडच्या तीरावर. उलगड्याच्या मते ती भेग नदीखालून तिकडे जात होती. बघायला सगळा पट्टा लोटला होता. बाबाही आले, आणि त्यांच्या हातात तांब्या होता. टाकळीच्या नळाचं पाणी. त्यांच्या मागे आणखी पुष्कळ तांबे होते, आणि कडेला एक टँकरही उभा होता.

हर्षलनं घाबरून मृणालकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "एकच तांब्या. सगळ्यायचा मिळून एक."

"अन् नाई भरली तं?"

"तरी एकच."

बाबांनी तांब्या तिच्यापुढे धरला. थोडं पाणी तिनंही ओतलं. मग त्यांनी तिला विचारलं, हळू आवाजात, पहिल्यांदा विचारलं होतं तसंच, "अन् चूल हाय का पण खाली?"

"बहुतेक हाय," ती म्हणाली.

ते मागे वळले. शेदोनशे माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांनी घसा साफ केला, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाले, "माही मिनू म्हणते, बहुतेक हाय."

लोकांनी माना डोलावल्या. टँकरवाल्यानं गाडी वळवली, आणि तेवढ्यावर समाधान मानून मंडळी जेवायला निघाली.